एकाला ताप, घराला पथ्य

पुण्यातल्या माझ्या वयाच्या माणसांना २००९चा ऑगस्ट विसरता येत नाही. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी घेतला, तो पुण्यातच. शाळेत जाणारी मुलगी होती ती. शाळा बंद झाल्या, मॉल आणि थिएटर बंद झाली, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, मेडिकलमध्ये मास्क मिळेनात. मी तेव्हा कॉलेजात होते. स्वाइन फ्लूचा तोच एच१एन१ विषाणू पुढे दरवर्षीच्या फ्लूत मिसळून गेला आणि आपण त्याला ‘व्हायरल’ म्हणू लागलो. व्हायरल म्हटलं की भीती जाते, पण काळजीही जाते, आणि ज्या घरात दम्याचं माणूस आहे तिथे ते परवडत नाही.

आमच्या घरात ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणते. आम्ही पाच जण: आई, बाबा, नवरा, मी आणि तिसरीतली लेक. दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर आणि एक छोटी गॅलरी. गेल्या पावसाळ्यात लेक शाळेतून आली ती दप्तर टाकून थेट सोफ्यावर आडवी झाली. डबा तसाच परत आला होता. अंग तापलेलं, डोळे लाल, पाय दुखतात म्हणून कण्हत होती. वर्गात आठवडाभर खोकणारी मुलं होती हे तिच्याकडूनच कळत होतं. हजेरी बुडू नये म्हणून सकाळी तापाचं औषध देऊन मुलांना शाळेत पाठवलं जातं, हे आमच्या पालकांच्या ग्रुपवरही उघड दिसत होतं. मला त्याचा अजून राग आहे. औषधानं ताप चार तास उतरतो, संसर्ग उतरत नाही.

आमच्या डॉक्टरबाईंनी लेकीला तपासलं. छाती स्वच्छ होती. बाबा बरोबर आले होते. ते म्हणाले, “डॉक्टर, एक अँटिबायोटिक लिहूनच द्या, म्हणजे लवकर उठेल.” डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, “आजोबा, हा विषाणूचा ताप दिसतोय. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, याच्यावर नाही.” वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज, विश्रांती. अ‍ॅस्पिरिन मुलांना फ्लूमध्ये अजिबात द्यायची नाही, हे त्यांनी न विचारता सांगितलं. मग पेन खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “घरात आजींचा दमा कसा आहे?”

तिथून पुढचं सगळं बोलणं लेकीबद्दल नव्हतंच. फ्लूची लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून माणूस तो दुसऱ्याला देऊ शकतो. नंतर पाच-सात दिवस देतो, मुलं त्याहूनही जास्त दिवस. लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी, ताप येतो. म्हणजे लेक सोफ्यावर आडवी झाली तेव्हाच घरातल्या कुणाच्या तरी नाकात तो पोचलेला असणार. डॉक्टरांनी हाँगकाँगमधला २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगितला. फ्लूचा रुग्ण असलेल्या घरांमध्ये मास्क आणि हात धुणं यांचा उपयोग होतो का, हे त्यात पाहिलं होतं. पहिल्या रुग्णाला लक्षणं दिसल्यापासून ३६ तासांच्या आत ज्यांनी सुरुवात केली, त्या घरांमध्ये प्रसार कमी झाला. “रिपोर्टची वाट बघत बसू नका. आज रात्रीपासून सुरू करा,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर पहिला प्रश्न आला तो मायेचा. आपल्याकडे लेकरू आजारी पडलं की सगळं घर त्याच्या उशाशी गोळा होतं. एक जण कपाळाला हात लावतो, दुसरा पाय चेपतो, तिसरा पाणी पाजतो. आईंनी तर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या भिजवायला घेतल्याही होत्या.

“आई, पट्ट्या मी ठेवते. तुम्ही आत येऊ नका.”

“अगं, माझ्याशिवाय झोपत नाही ती. आणि मला काय होतंय?”

“तुम्हाला दम लागला तर आम्ही काय करायचं?”

त्या गप्प झाल्या. पण डोळ्यांत पाणी आलं, आणि मलाही ते बघवेना. शेवटी नवऱ्यानं तोडगा काढला. एक फोन लेकीच्या उशाशी, एक आईंच्या हातात. आईंनी पलीकडच्या खोलीतून व्हिडिओ कॉलवर लाकूडतोड्याची गोष्ट सांगितली, लेक ऐकता ऐकता झोपली. पुढे रोज तेच झालं. माया कमी झाली नाही, फक्त मध्ये भिंत आली.

ठरलं ते असं: आजारी माणसाजवळ एकच जण जाणार, आणि ती मी. दुपारपासून तिला मीच कुशीत घेऊन बसले होते, त्यामुळे माझ्यापर्यंत यायचं ते येऊन गेलेलं होतं. स्वयंपाक नवऱ्याकडे. बाबांकडे आईंचं सगळं. मागची बेडरूम लेकीची आणि माझी. तापानं फणफणलेल्या, खोकणाऱ्या मुलीच्या तोंडाला मास्क लावायचा मी प्रयत्नच केला नाही. मास्क मी लावला, एन९५. नाकावरची पट्टी दोन्ही बोटांनी दाबून बसवायची. चष्म्याच्या काचांवर वाफ धरत असेल तर वरून हवा निसटतेय, पुन्हा दाबायचं. चष्मा असल्याचा हा एक फायदा आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो हवेवर. कोविडच्या पहिल्या वर्षी आपण भाज्या धुण्यात आणि पिशव्या पुसण्यात सगळी ताकद घातली. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२१मध्ये स्पष्ट सांगितलं की बोलताना-खोकताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण बंद, कोंदट जागेत हवेत राहतात आणि श्वासावाटे आत जातात. फ्लूतही हा मार्ग आहेच. आणि पावसाळ्यात घर कसं असतं? खिडक्या लावलेल्या, आत दोरीवर ओले कपडे, वर पंखा गरगरतोय. छताचा पंखा तीच हवा फिरवतो, बदलत नाही.

माझा नवरा कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. त्यानं एक उदबत्ती मागितली. आईंना धूर चालत नाही, म्हणून बाबा त्यांना घेऊन खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसले. लेकीच्या खोलीचं दार लावून त्यानं उंबऱ्याशी, दाराखालच्या फटीपाशी उदबत्ती धरली. धुराची रेघ सरळ हॉलकडे वळली. म्हणजे खोलीतली हवा फटीतून बाहेर येत होती आणि समोर होतं ते आईंचं रोजचं बसायचं दिवाण. आम्ही दोघंही क्षणभर काही बोललो नाही.

मग टेबलफॅन आणला. लेकीच्या खोलीच्या खिडकीत तो बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवला, म्हणजे आतली हवा ओढून बाहेर फेकेल असा. खिडकीवर छज्जा असल्यामुळे पाऊस फारसा आत येत नव्हता. जो येत होता त्यासाठी पंखा स्टुलावर चढवून थोडा मागे घेतला, वायर उंचावरून नेली आणि दोन्ही बाजूंच्या फटी पुठ्ठ्यानं बुजवल्या. खोलीतला छताचा पंखा बंद. हॉलमधून गॅलरीत जायचं दार चार बोटं उघडं. पुन्हा उदबत्ती धरली. आता धूर फटीतून खोलीत ओढला जात होता. हॉलकडून खोलीकडे आणि खोलीतून बाहेर, अशी हवेची वाट तयार झाली. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट मात्र आम्ही बंद ठेवला, कारण तो सुरू केला की धूर पुन्हा हॉलच्या बाजूला यायला बघत होता. हे पुस्तकात वाचून कळलं नसतं. प्रत्येक घराचा वारा वेगळा असतो, त्यामुळे आपल्या घरात बघूनच ठरवावं लागतं.

वस्तूंकडेही दुर्लक्ष केलं नाही, पण त्यापायी कुणाला दमवलंही नाही. फ्लूचा विषाणू स्टील, प्लॅस्टिक अशा गुळगुळीत पृष्ठभागावर दिवस-दोन दिवस राहू शकतो, कपड्यावर त्याहून कमी, हातावर काही मिनिटंच. त्या काही मिनिटांत हात नाकाला लागतो, अडचण तिथे आहे. टीव्हीचा रिमोट, दिव्यांची बटणं, फ्रिजचा दांडा आणि नळ एवढं रोज पुसलं. ताट-वाटी वेगळी ठेवायची जुनी पद्धत आईंनी सुचवली होती, त्याची गरज पडली नाही. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो, मग ते भांडं असो की हात.

तिसरी गोष्ट पाहुण्यांची. गणपती तोंडावर आले होते आणि आमच्याकडे गौरी असतात. बघायला येणं हा आपल्याकडे प्रेमाचा रिवाज, त्याला नाही म्हणणं जड जातं. मी सरळ सगळ्यांना फोन केले. “लेकीला फ्लूसारखा ताप आहे, सध्या येऊ नका.” कुणालाही राग आला नाही. शेजारच्या काकूंनी मऊ भात आणि मेतकूट दाराच्या कडीला पिशवी अडकवून दिलं आणि खाली उतरून फोन केला. माझ्या चुलत नणंदेचं तान्हं बाळ आहे. तिला मी दोनदा सांगितलं, कारण इतक्या लहान बाळाला मोठ्यांचं साधं पडसंही श्वासाला जड जाऊ शकतं.

इतकं करूनही तो नवऱ्याला झाला. लेकीच्या तापाआधीच्या रात्री ती त्याच्याच शेजारी झोपली होती, त्यामुळे आम्हाला धक्का बसला नाही. सकाळी तो थंडीनं कुडकुडत उठला. पण आदल्या संध्याकाळी, अगदी ठणठणीत असताना, तो आईंजवळ बसून बातम्या बघत होता. तापाच्या आधीचा तो एक दिवस म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. दीड दिवसानं आईंचा आवाज बसला, नाक वाहू लागलं, रात्री थर्मामीटर १०१ दाखवू लागला.

मी त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला. साध्या तापात त्या तपासणी करायला सांगत नाहीत, पण वय आणि दमा यांमुळे आईंचं वेगळं होतं. नाकातला नमुना सकाळी दिला आणि ऑसेल्टामिविर या फ्लूच्या विषाणूवरच्या औषधाच्या गोळ्या रिपोर्ट यायच्या आधीच सुरू केल्या. लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत सुरू केलं तर या औषधाचा गुण सगळ्यात चांगला येतो. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: इन्फ्लुएंझा ए, एच३एन२, म्हणजे फ्लूचाच एक प्रकार.

बाबा हॉलमध्ये झोपू लागले. पन्नास वर्षांच्या संसारात आजारपणात आईंना सोडून ते कधी झोपले नव्हते, आणि त्यांचं ते दाराशी येऊन “झोपलीस का गं?” विचारणं मी कधी विसरणार नाही. नेब्युलायझरच्या फवाऱ्याबरोबर खोलीत कण पसरू शकतात म्हणून डॉक्टरांनी दम्याचा पंप स्पेसर, म्हणजे पुढे जोडायची प्लॅस्टिकची नळी, लावून घ्यायला सांगितला. रक्तातला ऑक्सिजन बघायला ऑक्सिमीटर लावताना आईंची बोटं गार असायची, आकडा खाली-वर व्हायचा. आधी हात चोळून ऊबदार करायचे, मग आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. ९४च्या खाली गेला, एका श्वासात वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले किंवा गुंगी वाटली तर थेट रुग्णालय, असं कागदावर लिहून फ्रिजवर लावलं होतं. ताप उतरून पुन्हा चढला तरी कळवायचं होतं, कारण फ्लूच्या मागून जिवाणूंचा न्यूमोनिया होऊ शकतो आणि अँटिबायोटिक लागतं ते तेव्हा. यातलं काहीच घडलं नाही. आकडा ९५-९६वर राहिला, ताप हळूहळू उतरला. खोकला मात्र पुढे कित्येक आठवडे रेंगाळला, गौरी जेवल्या त्या दिवशीही होता.

बाबांना आणि मला शेवटपर्यंत काही झालं नाही. मी तर लेकीजवळच झोपत होते. ते मास्कमुळे, वाऱ्यामुळे की आणखी कशामुळे, हे एका घराच्या अनुभवावरून सांगता येणार नाही. पण धूर कुठून कुठे जातो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्यावर माझा विश्वास आहे.

पॅरासिटामॉल न देता पूर्ण २४ तास ताप नाही, असं झाल्यावरच लेकीला शाळेत पाठवलं. यंदा पावसाळ्याच्या आधी सगळ्यांनी फ्लूची लस घेतली. विषाणू सारखा बदलतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते, आणि अंगात बळ यायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून पावसाची वाट बघायची नाही. लस घेतल्यावरही फ्लू होऊ शकतो, पण तो सहसा अंगावर तितका येत नाही. नऊ वर्षांखालच्या मुलांना पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतरानं दोन डोस लागतात. लेकीचा दुसरा डोस होता त्या दिवशी तिच्याबरोबर आई गेल्या.