वळिवात गेलेला रिसिव्हर आणि नवीन घेताना घातलेले चार महिने

गेल्या वर्षी मे महिन्यात वळीव आला त्या संध्याकाळी आमचा होम थिएटरचा रिसिव्हर, म्हणजे टीव्हीला चित्र आणि सगळ्या स्पीकरना आवाज देणारा डबा, गेला. बेळगावात खानापूर रोडला शहराच्या जरा बाहेर मोकळ्यावर घर आहे, वीज पडली तीसुद्धा लांब शेताकडंच कुठंतरी, पण इकडं टीव्हीवरचं चित्र एकदम गायब, आवाज गायब, आणि रिसिव्हरच्या पुढच्या डिस्प्लेवर मात्र सगळं जिथल्या तिथं, व्हॉल्यूम फिरवला की आकडा फिरतोय, इनपुट बदलतंय, बाहेर काहीच येत नाही. बाबा म्हणाले, बंद करून परत लाव की. पाच वेळा लावला, काही उपयोग नाही.

वॉरंटी संपून वर्ष झालं होतं. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी बेंगळुरूला पाठवायला सांगितलं, थर्माकोल लावून खोक्यात बांधून पाठवला, पाच आठवडे गेले आणि मग फोन आला की एचडीएमआय बोर्ड, म्हणजे एकाच केबलनं चित्र-आवाज दोन्ही घेणारा-देणारा भाग, गेलाय, तो बोर्ड आता येत नाही, मॉडेल बंद झालं. चार वर्षांत बंद! चाळीस हजाराची वस्तू, तीसुद्धा मी पहिल्या नोकरीच्या पैशातून घेतलेली. मला इतका राग आला की त्या कंपनीचं परत काहीच घ्यायचं नाही असं ठरवून टाकलं आणि दुसऱ्या कुठल्या ब्रँडची क्वालिटी चांगली आहे ते शोधायला बसलो.

शोधलं तसं एक एक कळत गेलं. २००९ ते २०१२ मधल्या ओंक्यो ह्या जपानी कंपनीच्या बऱ्याच रिसिव्हरमध्ये एका चिपमुळं आवाज नाहीतर नेटवर्क जायचं, कंपनीनं त्याची फुकट दुरुस्ती २०१८ च्या शेवटापर्यंत चालू ठेवली होती. बरं मग डेनॉन, मरांट्झ, यामाहा घ्यावं म्हटलं तर २०२० साली या तिघांच्याही नवीन रिसिव्हरमध्ये एकच एचडीएमआय चिप, आणि एक्सबॉक्स ह्या गेमच्या मशीनमधून फोर के १२० चं, म्हणजे सेकंदाला १२० फ्रेमचं बारीक चित्र घातलं की स्क्रीन काळी. डेनॉन-मरांट्झनं नंतर एक छोटा अडॅप्टर डबा फुकट दिला, यामाहानं बोर्ड बदलून द्यायचं ठरवलं. म्हणजे नावं तीन पण आतला तुकडा एकाच ठिकाणाहून आलेला. हे वाचल्यावर माझा अर्धा राग तिथंच उतरला, कारण एचडीएमआयचं दुखणं सगळ्यांच्याच घरात आहे.

आणि कंपन्यांचं म्हणाल तर कोण कुणाचं तेच कळत नाही. डेनॉन आणि मरांट्झ २००२ पासून एका छपराखाली, २०१७ ला ते साउंड युनायटेडकडं गेले, २०२२ ला हॉस्पिटलातली ऑक्सिजन मोजायची मशीन करणाऱ्या मॅसिमोनं ते घेतलं आणि २०२५ मध्ये सॅमसंगच्या हरमनकडं गेलं. पायोनियरचा घरातल्या ऑडिओचा धंदा २०१५ मध्ये ओंक्योकडं आला, २०२१ ला ओंक्योचाच तो धंदा अमेरिकेतल्या वॉक्सनं आणि जपानच्या शार्पनं मिळून घेतला, आणि पुढच्याच वर्षी ओंक्योची मूळ कंपनी दिवाळखोरीत. आमच्या बाबांच्या डोक्यात अजून जुना पायोनियर आहे, मामांच्या घरचा, काळा, जड, वीस वर्षं चाललेला. पण त्या नावाच्या मागं आता ती माणसं नाहीत, ती फॅक्टरी नाही, मग जुन्या आठवणीवर नवीन वस्तू कशी घ्यायची?

खरी गोष्ट कळली ती रिपेरीवाल्या काकांकडं. शहरात बोळात एक लहान दुकान आहे, काका गेली पस्तीस वर्षं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात, गणपतीच्या आधी त्यांच्याकडं पाय ठेवायला जागा नसते, मंडळांचे सगळे अ‍ॅम्प तिथंच. बेंगळुरूहून परत आलेला रिसिव्हर त्यांच्याकडं घेऊन गेलो, सहज म्हणून. त्यांनी झाकण काढलं आणि मला जवळ बोलावून बोट ठेवून दाखवलं. हे बघ, हा मोठा ट्रान्सफॉर्मर, हे हीटसिंकला लावलेले ट्रान्झिस्टर, ह्यातलं काही गेलं तर मी उद्या तुला देतो, हुबळीला नाहीतर कोल्हापूरला मिळतात. आणि हा मागचा हिरवा बोर्ड बघ, हा कॉम्प्युटर आहे, ही चिप बघ, हिला बाहेर पायच नाहीत, सगळं पोटाखाली, हे माझ्या सोल्डरनं होत नाही बाळा. मग त्यांनी विचारलं, सेट टॉप बॉक्स ह्यालाच जोडला होतास काय? म्हटलं, हो. आणि डिशची वायर गच्चीवरनं सरळ आत? हो. अर्थिंग? नाही.

तिथं माझ्या लक्षात आलं. मी रिसिव्हरला स्टॅबिलायझर लावला होता, प्लगाकडनं सगळी काळजी घेतली होती, आणि विजेचा झटका आला तो डिशच्या वायरीनं, तिथून सेट टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआय केबलनं सरळ त्या बोर्डात. ह्यात कुठल्या कंपनीची क्वालिटी काय करणार?

काकांनी आणखी एक दाखवलं, ते मला जास्त लागलं. पॉवर सप्लायजवळचे दोन कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, त्यांचं डोकं सपाट असायला पाहिजे ते फुगून वर आलेलं, एकाच्या कडेला तपकिरी चिकट. हा गरमीनं मरायलाच लागला होता, म्हणाले, ह्याच्यावर काय ठेवत होता? आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल. धूळ बसू नये म्हणून. शोकेसच्या बंद कप्प्यात, वर रुमाल, त्यावर फुलदाणी. रिसिव्हरला वर जाळी असते ती गरम हवा बाहेर जायला असते, आणि असल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा डिग्रीला साधारण निम्मं होतं. आईला घरी येऊन सांगितलं तर ती बिचारी गप्पच बसली. तिची काय चूक, मला तरी कुठं माहीत होतं.

मग नवीन घेताना मी प्रश्नच बदलले. दुकानात गेलो की पहिला प्रश्न, बिघडलं तर कुठं जायचं, इथं का हुबळी का बेंगळुरू, आणि बोर्ड किती वर्षं मिळतो. शहरातल्या तीन दुकानांत विचारलं, दोन ठिकाणी मला सरळ उत्तरच मिळालं नाही, ते आपले वॅटच सांगत बसले. त्या वॅटचंही बघा, एकाच रिसिव्हरवर खोक्यावर १३० लिहिलेलं असतं आणि आतल्या कागदावर ७०, दोन्ही खरंच असतं. १३० म्हणजे एकच चॅनल, म्हणजे एकाच स्पीकरची बाजू चालू, एकाच सुरावर म्हणजे १ किलोहर्ट्झला, ६ ओहमच्या स्पीकरला आणि १० टक्के डिस्टॉर्शनपर्यंत, म्हणजे आवाज बिघडेपर्यंत ताणून, कानाला फाटका लागेल असा आवाज. ७० म्हणजे दोन चॅनल, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ पूर्ण पट्टा आणि डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्याही आत. पाचही चॅनल एकदम ओढले की त्याहून कमीच मिळतं. आमची हॉल १२ बाय १५, तेवढ्याला ७० भरपूर, पण तुलना करायची तर हाच आकडा याच्याशी करायला पाहिजे, खोक्यावरचा नाही.

दुबईहून येणाऱ्या चुलतभावाकडनं आणायचा एक विचार होता, तिकडं स्वस्त आणि व्होल्टेज पण आपल्यासारखंच. पण इकडं वॉरंटी नाही, आणि मला जे दुखलं होतं ते नेमकं तेच, मग नको म्हटलं. अमेरिकेतनं तर अजिबात आणू नका, तिकडचा १२० व्होल्टचा असतो, वेगळा ट्रान्सफॉर्मर बाळगत बसावं लागतं आणि कुणी चुकून सरळ प्लगात घातला की संपलं.

शेवटी यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ घेतला. २०१८ चं मॉडेल, ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, अ‍ॅटमॉस म्हणजे वरनं येणारा आवाज नाही, वायफाय नाही, ८के नाही. मित्र म्हणाले जुनं काय घेतोस. पण मॉडेल जुनं म्हणजे त्याची दुखणी सगळ्यांना माहीत झालेली, आत बोर्ड कमी, गरमी कमी, आणि काकांनी तो आधी उघडून बघितलेला, आतलं सगळं हाताला येतं म्हणाले, ते मला सगळ्यात मोठं सर्टिफिकेट वाटलं. घेण्याआधी दुकानात बाबांना घेऊन गेलो. बाबांनी सुळेभावीच्या कुमार गंधर्वांचं एक रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर नेलं होतं, आवाज लहान करून नुसता तानपुरा ऐकत बसले, दुकानदार स्फोटाचे सीन लावू काय विचारतोय आणि बाबा म्हणतात थांबा जरा. लहान आवाजात तानपुऱ्याची तार सुटी सुटी ऐकू आली तेव्हा मान हलवली.

घरी जोडताना ह्या वेळी घाई केली नाही. स्पीकरची वायर सोलली की तांब्याचे बारीक तंतू असतात, त्यातला एक जरी सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकला तर रिसिव्हर लगेच प्रोटेक्शनमध्ये जातो, नशीब वाईट असलं तर आउटपुटचे ट्रान्झिस्टरच जातात, म्हणून प्रत्येक टोक पीळ देऊन बनाना प्लग घातले, संध्याकाळभर तेच काम. सेट टॉप बॉक्स आता टीव्हीला, टीव्हीतनं एआरसीनं, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयनंच परत पाठवायच्या सोयीनं, एकच केबल रिसिव्हरला. शोकेसचं मागचं प्लाय सुताराकडनं कापून घेतलं, वर वीतभर जागा सोडली. रुमाल आईनं स्वतःच काढून देव्हाऱ्याच्या चौरंगावर घातला. गच्चीवर डिशच्या वायरीला अर्थिंग करून घेतलं, खड्डा, मीठ, कोळसा सगळं, साडेतीन हजार गेले.

जुना रिसिव्हरही टाकला नाही. काकांनी कपॅसिटर बदलले सहाशे रुपयांत, एचडीएमआय गेलंय ते गेलंच पण ऑप्टिकल वायरीनं टीव्हीचा आवाज घेतो, डॉल्बी ५.१ येतं, धाकट्या भावाच्या खोलीत चालतो आहे अजून.

आणि यंदा एप्रिलात पहिल्यांदा आभाळ काळं झालं तेव्हा आई गच्चीवर धावली सांडगे काढायला आणि बाबा मागोमाग, मला वाटलं ताट धरायला गेले, तर ते खाली येताना म्हणाले, डिशची पिन काढली रे, तू तिकडचा प्लग काढ.