तीन पोरं, एक कौल आणि कुकी शूझो

आमच्या घरात काहीही झालं तरी ते आधीच ठरलेलं असतं. आत्याने गुजराती मुलाशी लग्न केलं तर ऋणानुबंध, काकांची बस चुकली आणि तीच बस पुढे बंद पडली तर महाराजांची कृपा. अशा घरात वाढल्यावर एका जपानी माणसाने योगायोगावर अख्खं जाडजूड पुस्तक लिहिलंय म्हटल्यावर वाचणं भागच होतं ना.

तो माणूस म्हणजे तत्त्वज्ञ कुकी शूझो, जन्म १८८८, तोक्यो. वडील बॅरन, वॉशिंग्टनला जपानचे राजदूत होते. आई दिवस गेलेले असताना बोटीने जपानला परत निघाली, सोबत म्हणून वडिलांनी आपला विश्वासातला माणूस दिला, ओकाकुरा काकुझो (हाच पुढे १९०१-०२ मध्ये भारतात आला आणि विवेकानंदांना, टागोरांना भेटला), आणि प्रवासात त्या दोघांचं प्रेम जमलं. घर मोडलं, आई शेवटी मनोरुग्णालयात गेली. ओकाकुरा घरी यायचा त्याच्या आठवणी कुकीने मोठेपणी लिहिल्यात, कडवटपणा फारसा नाही. आता अशा पोराने योगायोगावर नाही लिहायचं तर कोणी लिहायचं!

पैसा होताच. १९२१ ते १९२९ युरोपात, हुसर्ल आणि हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञांकडे शिकला, पॅरिसमध्ये फ्रेंच तत्त्वज्ञानावर बोलायला जो तरुण शिकवणीला ठेवला त्याचं नाव सार्त्र, पुढचा गाजलेला तत्त्वज्ञ, तेव्हा त्याला कोण ओळखत होतं. मग क्योतो विद्यापीठात नोकरी, १९३५ मध्ये ते योगायोगाचं पुस्तक आणि १९४१ मध्ये खेळ खलास.

पुस्तकातलं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाहीये. छपरावरून कौल निसटतं, खाली फुगा गडगडत चाललाय, कौल त्यावर पडतं, फुगा फुटतो. कौल का निसटलं याला कारण आहे, फुगा तिथे का आला यालाही आहे, पण दोघांची गाठ का पडली याला वेगळं कारण नाही. आमच्या वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत जुनी घरं आहेत, पावसाळ्यात तिथून जाताना मी हल्ली वर बघत चालते, अर्थात तत्त्वज्ञानापेक्षा डोक्याची काळजी जास्त.

पण कुकीला जास्त ओढ वेगळ्याच प्रकाराची. अनेक शक्यता समोर होत्या, त्यातली हीच का खरी झाली? मी याच देशात का जन्मले, किडामुंगी का नाही झाले? वडोदऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसाला हे समजवायला लागू नये. १८७५ मध्ये इथले महाराज मल्हाररावांना गादीवरून काढलं, आधीच्या महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंना गादीसाठी दत्तक घ्यायचा होता, नाशिककडच्या कवळाण्याहून तीन पोरं आणली. कशाला आलास विचारलं तर त्यातला गोपाळ म्हणे, राज्य करायला आलोय. तोच सयाजीराव झाला. खरं-खोटं देव जाणे, पण दुसऱ्याच पोराने तसं धीट उत्तर दिलं असतं तर? आमचे पणजोबा त्यांच्याच कारकिर्दीत इथे कारकुनी करायला आले, म्हणजे मी आत्ता गुजरातीमिश्रित मराठीत हे टाईप करतेय याचं मूळ एका बारा वर्षांच्या पोराच्या तोंडाळपणात आहे.

आजी म्हणाली असती, नशीब. कुकी नशीब नाकारत नाही, उलटं लावतो. आधी लिहून ठेवलेलं असतं म्हणून घडतं असं नाही, कसंही होऊ शकलं असतं आणि असं झालं, आणि ते आयुष्यात इतकं खोल रुतून बसलं की त्याला आपण नशीब म्हणतो. मला हे पटतं, कारण यात आश्चर्य शाबूत राहतं. आमच्याकडे 'ठरलेलंच होतं' म्हटलं की विषय संपतो, चहा येतो.

एका ठिकाणी मात्र माझं त्याच्याशी जमत नाही. १९१७ मध्ये आंबेडकर गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून इथे नोकरीला आले, गावात कोणी जागा देईना, पारशी धर्मशाळेतूनही हाकललं, आणि ते कमाटी बागेत झाडाखाली बसून रडले. जन्म हा योगायोग आहे हे बॅरनच्या पोराला कुतूहलाने बघता येतं. ज्याच्या जन्माचा हिशोब दुसरे लोक रोज चुकता करून घेतात त्याला त्यात आश्चर्य-बिश्चर्य काय वाटणार? पुढे काय करायचं, याबद्दल कुकी मला जरा गप्पच वाटतो.

तरी वाचा. थेट १९३५ च्या पुस्तकाला हात घालू नका, तार्किक विभागण्या करकरून जीव घेतो. १९२८ मध्ये फ्रान्समध्ये पोंतिन्यीला दिलेली दोन भाषणं छोटी आहेत. त्यात आपल्याकडचा पुनर्जन्म आहे, आणि दगड परत परत डोंगरावर ढकलणारा ग्रीक कथेतला सिसिफस दुःखी नाहीच असं तो ठणकावून सांगतो, तेही फ्रेंच लेखक काम्यूच्या सिसिफसवरच्या पुस्तकाआधी चौदा वर्षं.