आमची वाटचाल : सतरा नंबरचा पोर्ट

२००४ साली कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका शेडच्या पोटमाळ्यावर कॉम्प्युटर नेटवर्कच्या केबली टाकायच्या धंद्याला सुरुवात केली. एक क्रिम्पिंग टूल, एक क्रोनचं पंचिंग टूल, केबल टेस्टर आणि भागीदाराची एम-८०, एवढंच भांडवल. पुढची पाच वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२००९ च्या पावसाळ्यात मात्र कुलूप लावायची वेळ आली. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक फाउंड्री. एकशे दहा पॉइंट, इंच न् इंच केबल आमची. तिथं मधूनच नेट बसायला लागलं. फायरवॉल, म्हणजे इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्यामधला पहारेकरी डबा, बंद करून चालू केला की सुरळीत. त्याच सुमारास डिस्पॅचचा प्रिंटर आपोआप कागद ओकायचा. कागदावर वरती 'गेट' वगैरे एक इंग्रजी ओळ, खाली सगळं कोरं.

तेवढ्यात पुण्याची एक कंपनी आत शिरली होती. नेटवर्क मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर महिनाभर फुकट चालवून दाखवलं, मॅनेज्ड स्विचचा (सगळ्या केबली जिथं एकत्र येतात त्या डब्याचा) पासवर्ड बदलला आणि अहवाल दिला : केबलिंग निकृष्ट, सगळं उपटून नवं टाका. आमची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) बंद, तीन महिन्यांचं बिल अडकलं. चार पोरांच्या पगारासाठी बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. भागीदार म्हणाला, यात राम नाही. पुढं तो त्याच कंपनीत लागला. असो.

तारलं ते स्टोअरच्या काकांनी. प्रिंटरचे ते कागद त्यांनी टाकले नव्हते. "मागची बाजू कोरीच हाय की," म्हणाले. स्टोअरकीपरची सवय म्हणून प्रत्येकावर तारीख, वेळ टाकलेली. गठ्ठा चाळला तर सगळे गुरुवार, दुपारी दोन ते सव्वादोन. केबल वार बघून खराब होत नाही.

पुढच्या गुरुवारी मी माझा जुना चार पोर्टचा, म्हणजे केबल लावायच्या चार जागांचा, हब घेऊन गेलो. हब म्हणजे भंगार असं आजची पोरं समजतात. पण स्विचचा पासवर्ड हातात नसताना ट्रॅफिक बघायचं तर हबच कामाला येतो, कारण तो आलेलं सगळं सगळ्या पोर्टवर सोडतो. फायरवॉल आणि स्विच यांच्यामध्ये तो घातला, लॅपटॉपवर वायरशार्क (केबलमधून काय जातंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं. दोन वाजले आणि पडद्यावर रांग सुरू झाली. फाउंड्रीचं नेटवर्क १९२.१६८.१ चं, अडीचशे पत्त्यांचं. इथं एक मशीन १९२.१६८.० पासून २५५ पर्यंत ओळीनं सगळे पत्ते ठोठावत होतं, म्हणजे ६५,५३६. आधी पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाळी, मग यूडीपी १६१ वर एसएनएमपीची (यंत्राला त्याची माहिती विचारायची पद्धत) हाक, 'पब्लिक' हा परवलीचा शब्द वापरून. आपल्या रेंजबाहेरचं सगळं गेटवेकडे, म्हणजे फायरवॉलकडे जाणार, आणि तेवढ्यात त्याचं सेशन टेबल (चालू जोडण्यांची नोंदवही) भरणार, मग नेट बसणार. प्रिंटरच्या ९१०० पोर्टवर (हा पोर्ट केबलचा नव्हे, छपाईचा मजकूर घ्यायचा क्रमांक) चौकशीला जे पाठवलं, ते त्यानं इमानेइतबारे छापलं.

मशीन कुठं आहे? त्याच्या पत्त्याला पिंग लावून ठेवलं आणि पॅनेल आणि स्विच जोडणारी एकेक छोटी केबल, म्हणजे पॅच कॉर्ड, काढत गेलो. सतरावी काढली आणि पिंग थांबलं. पॅनेलवर आमच्याच हातचा टॅग : 'परचेस, खिडकी'. खिडकीखाली, फायलींच्या मागं, मॉनिटर नसलेला पीसी घोंघावत होता. पुण्याच्या कंपनीची ट्रायल संपली, माणसं गेली, डबा तसाच चालू. डिस्कव्हरीचं, म्हणजे नेटवर्कवर कोणकोणती यंत्रं आहेत ते हुडकायचं, वेळापत्रक दर गुरुवारी दोनचं.

विचारलं नाहीत तरी सांगतो. डिस्कव्हरीला रेंज द्याल तेवढीच द्या, सगळं १९२.१६८ टाकून मोकळे होऊ नका. ९१०० वगळा. एनमॅप हे नेटवर्क तपासायचं नावाजलेलं सॉफ्टवेअरसुद्धा आवृत्ती तपासताना ९१०० ते ९१०७ सोडून देतं, ते काय येडं आहे? एसएनएमपीचा परवलीचा शब्द (कम्युनिटी) 'पब्लिक' ठेवू नका. आणि ट्रायलचं मशीन कधी उचलणार, ते आत घेतानाच लिहून घ्या.

एएमसी परत मिळाली. पाटल्या दिवाळीला सुटल्या. काका निवृत्त झाले, पण त्यांच्या घरचा राउटर आम्हीच बघतो, पैसे घेत नाही. त्या तीन महिन्यांच्या बिलातले दोन मिळाले. तिसऱ्याची फाइल अजून 'वरती' आहे म्हणतात.