दत्तक आहेस, हे मुलाला कधी सांगायचं?

दत्तक पालकांच्या भेटीगाठींत एक प्रश्न हमखास येतो, बहुतेक वेळा निघता निघता, दाराशी चपला घालताना: “आमचं बाळ आता दोन वर्षांचं झालं. त्याला कधी सांगायचं? आणि खरं सांगा, सांगायलाच हवं का?”

तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्टच सांगतो. सांगायलाच हवं, आणि सुरुवात आजपासून. दोन वर्षांच्या मुलाला काही कळणार नाही, हे बरोबर आहे. पण सराव त्याला नको, तुम्हाला हवा आहे. “दत्तक” हा शब्द आवाज न कापता तोंडून निघायला महिनोन् महिने लागतात. बाळाला तेल लावताना, न्हाऊ घालताना तो बोलायला लागा. मूल प्रश्न विचारण्याच्या वयाला येईल तेव्हा तुमची जीभ सरावलेली असेल.

लपवायचं ठरवलं, तर ते एकदा लपवून संपत नाही, रोज लपवावं लागतं. बालरोगतज्ज्ञ विचारतात, घरात कुणाला दमा, मधुमेह, फिट्स? आई स्वतःच्या माहेरचे आजार सांगते, आणि औषध चुकीच्या माहितीवर ठरतं. बाळंतपणाचे फोटो का नाहीत, याचं उत्तर तयार ठेवावं लागतं. पत्रिका हा तर आपल्याकडचा खास पेच. जन्मवेळ बहुधा कुणालाच माहीत नसते. मग कुणीतरी “सकाळी सात दहा” ठोकून देतं, गुरुजी त्यावर कुंडली मांडतात, आणि पुढे लग्नाच्या वेळी गुण जुळवताना त्या खोट्या वेळेचीच राखण करावी लागते. एखादी मावशी बोलून टाकेल म्हणून तिच्याकडची लग्नं टळतात. आजीला शपथ घातलेली असते. ज्यांनी त्याच दत्तक संस्थेतून मूल घेतलं, ज्यांच्याशी मोकळं बोलता आलं असतं, त्या कुटुंबांचे फोन उचलणं बंद होतं. नवऱ्याला सांगावंसं वाटतं, बायकोला भीती वाटते (कधी उलटं), आणि त्यावरची भांडणंही दार लावून, दबक्या आवाजात होतात.

मुलाला यातलं कारण कळत नाही, पण ताण कळतो. एका कपाटाला कायम कुलूप आहे, एका विषयावर आईचा चेहरा बदलतो, एवढं सहा वर्षांचं मूलही टिपतं. कारण माहीत नसलं की ते दोष स्वतःकडे घेतं: माझ्यातच काहीतरी वाईट आहे. हा भाग पालकांना सर्वांत उशिरा दिसतो.

आणि गुपित राहत नाहीच. जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून तुमचीच नावं असतात, पण नोंदणीची तारीख अनेकदा जन्मतारखेच्या कितीतरी नंतरची असते. दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकता येते. आई-बाबा दोघंही ओ रक्तगटाचे आणि आपण बी, हे वहीच्या मागच्या पानावर मांडून बघणारी मुलं असतात. शाळेत भांडणात कुणीतरी शेजारचा पोरगा बोलून जातो. सर्वांत वाईट म्हणजे आई-वडील गेल्यानंतर जमिनीच्या वाटणीत चुलतभावाच्या वकिलाकडून कळणं. तेव्हा विचारायला घरात कुणी उरलेलं नसतं.

तर सांगायचं कसं? तीन ते पाच या वयात चार वाक्यं पुरतात. “तू माझ्या पोटातून नाही आलास. दुसऱ्या एका बाईच्या पोटात वाढलास. तिला तुला सांभाळणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तू संस्थेत होतास, तिथल्या ताई तुला दूध पाजायच्या. मग आम्ही आलो आणि तुला घरी आणलं.” हीच गोष्ट तशीच, पुन्हा पुन्हा. मूल स्वतः फर्माइश करून ऐकतं आणि एखादं वाक्य गाळलं तर पकडतं.

काही गोड वाक्यं मात्र टाळा. “तिचं तुझ्यावर फार प्रेम होतं म्हणून तिने तुला दिलं” हे ऐकून मूल सरळ हिशेब करतं: प्रेम असलं की देऊन टाकतात, मग तुम्हीही द्याल. माहीत नसताना “ती देवाघरी गेली” म्हणू नका. एक दिवस ते खोटं ठरलं की बाकीच्या खऱ्या गोष्टीही खोट्या वाटू लागतात. “आम्ही तुला निवडलं” हेही खरं नसतं. दत्तकासाठी नाव नोंदवलेल्या पालकांच्या यादीत तुमची पाळी येते, एका बाळाची माहिती पडद्यावर येते आणि ४८ तासांत होकार कळवायचा असतो. शिवाय निवडलेल्या मुलाला वाटत राहतं की निवडीला उतरायला हवं. नाहीतर?

सात-आठ वर्षांचं झालं की खरा प्रश्न येतो: तिने मला का दिलं? इथे बहुतेक पालक घाबरून विषय बदलतात. माहीत असेल तेवढंच सांगा, नसेल तर “हे आम्हालाही माहीत नाही, पण तुझ्यात काही कमी होतं म्हणून नाही” असं म्हणा. मूल रडलं तर रडू द्या. त्याचं काहीतरी खरोखर हरवलंय, आणि ते दुःख तुमच्या प्रेमाविरुद्धची तक्रार नसते.

त्याच्यासाठी एक वही करा. संस्थेच्या इमारतीचा फोटो, तिथे ठेवलेलं नाव, घरी आल्याची तारीख, त्या दिवशीचं झबलं. बाल अभ्यास अहवाल (बाळाची संस्थेकडची माहिती), वैद्यकीय तपासणी अहवाल आणि दत्तक आदेश (आधीच्या मुलांचा न्यायालयाचा, कायद्यातल्या २०२२च्या बदलानंतरच्या मुलांचा जिल्हाधिकाऱ्यांचा) यांच्या मूळ प्रती वेगळ्या फाइलमध्ये. दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुराव्यासाठी सामाजिक कार्यकर्त्या भेट देतात. राहिलेली माहिती तेव्हाच विचारून घ्या. नातेवाइकांना दत्तक आहे एवढं कळलं की पुरे. जन्मदात्रीचा तपशील मुलाचा आहे, त्याला कळण्याआधी आत्याला कळता कामा नये. वंशवृक्षाचा प्रकल्प यायच्या आधी वर्गशिक्षिकेशी बोलून ठेवा.

आता ज्यांचं मूल बारा किंवा पंधराचं आहे आणि अजून सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी. परीक्षेचे महिने, वाढदिवस, सणवार टाळा, पण ही सबब करून वर्ष ढकलू नका. घरी, सकाळी, दोघांनी मिळून, पुढे दोन दिवस मोकळे असताना सांगा. पहिल्याच वाक्यात मुद्दा यायला हवा. लग्नाला इतकी वर्षं झाली, किती उपचार केले, इथून सुरुवात केली तर मूल भलत्याच भीतीने गोठतं. लगेच दुसरं वाक्य: “हे आम्ही आधीच सांगायला हवं होतं. चूक आमची आहे.” कागद समोर ठेवा.

मग बहुतेक मुलं एकच प्रश्न विचारतात: अजून कोणाकोणाला माहीत होतं? इथे एकही नाव लपवू नका, आजीचंसुद्धा नाही. दत्तक असण्यापेक्षा अख्ख्या घराला माहीत होतं, मलाच नव्हतं, हे जास्त खोल लागतं. आईने इतकं रडू नये की मुलालाच तिची समजूत काढावी लागेल. राग, अबोला, दार आपटणं हे काही आठवडे चालेल. झोप आणि जेवण सुटलं, शाळा बंद पडली तर समुपदेशक गाठा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर थांबू नका: मुलाला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोनही चोवीस तास चालू असतो.

पुढचा प्रश्न जन्मदात्रीला शोधण्याचा. अठरा पूर्ण झाल्यावर मूल स्वतः अर्ज करू शकतं, त्याआधी पालकांसह. त्रयस्थाला हा शोध घेता येत नाही, आणि तिच्या संमतीवाचून तिची ओळख उघड करत नाहीत. सोडून दिलेलं बाळ असेल तर कुठे आणि कोणत्या परिस्थितीत सापडलं, एवढंच कळू शकतं. हे सगळं अर्ज करण्याआधी मुलाला सांगा, आणि त्याला हवं असेल तर संस्थेत सोबत जा. फाइल मात्र आधी त्याच्या हातात द्या.