भाकरी बंद, गोळी चालू

नौपाड्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये त्या मंगळवारी वर्तकनगरहून आलेलं जोडपं दोघांपैकी कुणाचा आहार बरोबर याचा निवाडा मागत होतं. काकांनी भात, पोळी, भाकरी सगळं बंद करून अंडी आणि पनीर धरलं होतं. काकूंनी तेल-तूप, खोबरं आणि दाण्याचं कूट स्वयंपाकघरातून हद्दपार केलं होतं. ‘‘मॅडम, तीन आठवड्यांत ह्यांचं चार किलो उतरलं, माझं जेमतेम एक. म्हणजे माझंच चुकतंय ना?’’

मी म्हटलं, एवढ्यात ठरवू नका. भात-पोळीतली कर्बोदकं एकदम तोडली की शरीरात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आधी खर्च होतं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडतं. काकांच्या चार किलोंत चरबी किती नि पाणी किती, हे काट्याला कळत नाही.

दोघांनी वह्या लिहून आणल्या होत्या. काकूंचं पान: चहाबरोबर चार मारी बिस्किटं, अकराला कुरमुरे, जेवायला कोरडी पोळी नि उकडलेला दुधी, चारला परत बिस्किटं. डाळ-उसळीचा पत्ता नाही. चरबी कमी झाली होती खरी, पण तिच्या जागी मैदा आणि साखर येऊन बसली होती.

काकांच्या पानावर मात्र मधेच एक ओळ होती: ‘सकाळी ११.३०, घाम, हात थरथरले, जरा बसलो.’ पुढच्या आठवड्यात तसंच आणखी दोनदा.

‘‘काका, गोळी कुठली घेता?’’

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. मधुमेहाची औषधं: मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड. सकाळी दोन अंड्यांवर घेतलेली. मी तिथल्या तिथे बोट टोचून रक्तातली साखर बघितली: ६२. सत्तरच्या खाली गेली की ती कमीच. पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, ९४. तोवर काकू गप्प बसून होत्या. मग म्हणाल्या, ‘‘वजन उतरतंय म्हणून अशक्तपणा येतोय असं वाटलं आम्हाला.’’

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं. ताटात भाकरी आहे की नाही हे ते पाहत नाही. भाकरी बंद आणि गोळी तेवढीच, म्हणजे साखर घसरणारच. फोनवर फिरणाऱ्या आहाराच्या तक्त्यांत ‘आधी डॉक्टरांना विचारा’ ही ओळ कुठेतरी तळाशी असते, याचा मला मनापासून राग येतो. काकांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. त्यांनी त्याच दिवशी ग्लिमेपिराइड थांबवली, मेटफॉर्मिन चालू ठेवली.

मग मूळ प्रश्न: कर्बोदकं कमी करावीत की चरबी? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आहारसंशोधक ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ जणांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. कमी कर्बोदकंवाल्यांचं वजन सरासरी ६ किलो घटलं, कमी चरबीवाल्यांचं ५.३ किलो. हा फरक निर्णायक नव्हता. उलट एकाच गटात कुणाचं खूप उतरलं, तर कुणाचं चक्क वाढलं. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती दोन्ही गटांना दिलेली सारखी सूचना: साखर आणि मैदा कमी करा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी शिजवलेलं खा. काकूंच्या बिस्किटांना कमी चरबीच्या गटातही जागा नव्हती. आणि त्या अभ्यासात मधुमेही घेतलेच नव्हते, त्यामुळे त्यातला आहार काकांना जसाच्या तसा लावता येत नव्हता.

घरात शेगडी एक आणि रांधणाऱ्या काकू एकट्या. दोन वेगळे स्वयंपाक किती दिवस चालणार? म्हणून ताट एकच ठरवलं: मुगाची किंवा मटकीची उसळ, दोन भाज्या, ताक, शुक्रवारी बांगडा. काकांना जेवणात एकच ज्वारीची भाकरी, भात फक्त रविवारी. काकूंना पोळी चालेल. कूट भाजीत परत आलं, पण चमच्याने मोजून. बिस्किटं दोघांची बंद. काकांना पनीर सोडवत नव्हतं. म्हटलं, राहू दे, आठवड्यातून दोनदा.

तीन महिन्यांनी काकांचं वजन, पहिल्या दिवसापासून धरून, साडेपाच किलोंनी कमी होतं, काकूंचं चार. थरथर पुन्हा झाली नव्हती. आता काकूंनाच पोळी सोडून बघायची होती. त्यांना मधुमेह नाही, कसली गोळीही नाही. मी म्हटलं, महिनाभर करून बघा; झेपलं तर पुढे ठेवू.