‘एफ-वन दाब म्हटल्यान, दाबलंय’

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. कुणकेश्वरच्या अलीकडच्या वाडीतल्या एका बागायतदार काकांचा सकाळी नऊला फोन आला. "कॉम्प्युटर मेलो. माका आजच्या आज हिशेब व्हयो." बागेतले राखणीचे नेपाळी गडी दुसऱ्या दिवशी गावी जायला निघणार होते. कोणाला किती उचल दिली, वाशीच्या दलालाच्या किती पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) आल्या, किती बाकी, सगळं एक्सेलच्या फायलींत. कागदावर काही नाही. फोनवर कुणीतरी आधीच निदान करून टाकलं होतं: हार्डडिस्क गेली, फॉरमॅट मारावा लागेल.

डिस्क खरंच गेली असेल, तर फॉरमॅट मारून काय होणार? आणि ती चांगली असेल, तर फॉरमॅट कशाला? तरी हे वाक्य आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात दिवसातून चारदा ऐकू येतं.

पोचलो तेव्हा निळा स्क्रीन होता, खाली ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’, म्हणजे जिच्यावरून सुरू व्हायचं ती डिस्क हाती लागत नाही. दोनदा आपोआप रीस्टार्ट, मग ‘ऑटोमॅटिक रिपेअर’, मग दुरुस्त करता आलं नाही असा निरोप, की पुन्हा पहिल्यापासून. त्या रिपेअरच्या पानावर ‘रीसेट धिस पीसी’ असतं आणि आत ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’, म्हणजे सगळं पुसा. तिथपर्यंत जाऊन थांबले होते, हे नशीब.

मशीन जुनं. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, एच ६१ चिपसेटचा बोर्ड, ४ अधिक ४ जीबी डीडीआर-थ्री रॅम (मेमरी). मागाहून कुणीतरी २४० जीबीची एसएसडी (नव्या प्रकारची डिस्क) लावून विंडोज १० टाकलेलं. (विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. तो विषय वेगळा.)

घरात आरोपी ठरलेला होता. मुंबईहून सुट्टीला आलेला नातू, नववीतला. "ह्या पोरान काय केल्यान देव जाणे." नातू कबूल करत होता की त्याने ‘स्पीड वाढवायची सेटिंग’ बदलली, पण ती परवा. त्यानंतर दोन दिवस मशीन चालत होतं, फक्त रखडत. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) मी गेलोच नाही, असं तो तीन-तीनदा सांगत होता. काका ऐकायला तयार नव्हते.

मी आधी डिस्क तपासली. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावला आणि मशीन त्यावरून चालू केलं. एसएसडी दिसली, फोल्डर उघडलं. विंडोज नीट बंद न झाल्यामुळे, किंवा फास्ट स्टार्टअपमुळे (लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज पूर्ण बंदच होत नाही), लिनक्स अशी डिस्क नुसती वाचायला देतं, लिहायला देत नाही. कॉपी काढायला तेवढं पुरतं. हिशेबाचं फोल्डर जेमतेम ६० एमबीचं निघालं. ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन काकांच्या हातात दिलं, तेव्हा घरात चहा टाकला गेला. कॉपी हातात येईपर्यंत बाकी कशाला हात लावायचा नाही, या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

डिस्क जिवंत आहे हेही त्यातच कळलं. म्हणजे विंडोजला ती दिसत नव्हती, एवढंच. मग डिलीट बटण दाबत बायोसमध्ये गेलो. साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ती सेटिंग: आयडीई, जुनी पद्धत. वरच्या कोपऱ्यात तारीख: १ जानेवारी २०१२. वेळ: ०३:२०.

मी आपल्या मोबाइलवर पाहिलं, दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. काकांना विचारलं, सकाळी मशीन चालू कधी केलंत? म्हणाले, सातच्या सुमारास, पूजेला बसायच्या आधी. म्हणजे बायोसचं घड्याळ सातला शून्यावरून सुरू झालं होतं. सातला मशीन नव्याने जन्माला आलं होतं म्हणा ना.

"त्या आधी वायर काढलेली होती काय?"

"काल रात्री गडगडाट केवढो! वीज चमकाक लागली म्हणान मीच वायर काढून ठेवलंय."

"सकाळी लावल्यावर काळ्या स्क्रीनवर काही लिहून आलं?"

"इला. इंग्रजीत. एफ-वन दाब म्हटल्यान, दाबलंय."

तो निरोप ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ असा होता, म्हणजे बायोसच्या सेटिंग पुसल्या गेल्या, मूळच्या घातल्या. आरोपी सुटला.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. मशीनला वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचं आणि बायोसच्या सेटिंग सांभाळायच्या, एवढंच त्याचं काम. पण वायर भिंतीला लावलेली आणि बटण चालू असेल, तर मशीन बंद असतानाही पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा बोर्डाला मिळत राहतो आणि सेलवर भार येत नाही. त्यामुळे सेल मेलेला असला तरी महिनोन्महिने पत्ता लागत नाही. वायर उपटली की त्या रात्री सगळं पुसलं जातं. आमच्याकडे वळवाच्या पावसात वायरी उपटतात, आणि उपटाव्याच. बायोसचे सेल म्हणूनच मे-जूनमध्ये जास्त ‘मरतात’. खरं तर ते आधीच मेलेले असतात.

सेटिंग पुसल्या की बोर्ड कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर जातो, आणि त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांची ती सेटिंग आयडीई. इथे विंडोज मात्र एएचसीआय या नव्या पद्धतीच्या मोडवर टाकलेलं. विंडोज १० इन्स्टॉल होताना त्या वेळी सापडलेल्या कंट्रोलरचा (डिस्क सांभाळणाऱ्या चिपचा) ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, सुरुवातीलाच चालू करायच्या यादीत ठेवतं आणि बाकीचे झोपवतं. बूट होताना सुरुवातीचं वाचन बायोसमार्फत होतं, म्हणून लोगो दिसतो, गोल फिरायला लागतं. पुढे विंडोज स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क मागायला जातं, तर समोर भलताच कंट्रोलर. तिथे निळा स्क्रीन. म्हणून लोगो आल्यावर निळं पडलं, तर मी डिस्कवर संशय घ्यायच्या आधी साटा मोड बघतो.

‘सेल काढून पाच मिनिटांनी परत लावा, सगळं रीसेट होतं’ हा सल्ला सर्रास दिला जातो. अशा बोर्डावर त्याने हाच बिघाड आपल्या हाताने तयार होतो.

कॅबिनेट उघडलं. त्याआधी वायर काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेला करंट उतरतो. सेल मल्टीमीटरवर १.९ व्होल्ट. नवा ३ च्या थोडा वरच दाखवतो. होल्डरच्या पितळी पट्टीवर हिरवट बुरशीसारखा थर होता. समुद्र घरापासून हाकेवर, खारी हवा काही सोडत नाही. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये इअरबड बुडवून पट्टी पुसली. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून सोनेरी कडा पेन्सिलच्या रबराने हलक्या हाताने घासल्या, चुरा झटकला. नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवला. होल्डरची कडी बाजूला ढकलायची असते. स्क्रू ड्रायव्हरने सेल उचकटायला गेलात तर होल्डर तुटतो आणि पन्नास रुपयांचं काम बोर्डावर जातं.

मग बायोसमध्ये तारीख-वेळ, साटा मोड एएचसीआय, बूटच्या क्रमात एसएसडी पहिली, मग एफ-टेन दाबून सेव्ह. तारीख विसरू नका. घड्याळ २०१२ मध्ये राहिलं तर विंडोज चालतं, पण ब्राउझर बँकेची साइटसुद्धा उघडून देत नाही, सर्टिफिकेटची तक्रार करतो.

(उलटा प्रसंगही येतो. विंडोज आयडीईवरच टाकलेलं असतं आणि कुणाला एसएसडीसाठी एएचसीआय हवं असतं. तेव्हा आधी विंडोजमधून सेफ मोड ठरवून रीस्टार्ट करायचं, त्याच फेरीत बायोस बदलायचं, सेफ मोड एकदा वर येऊ द्यायचा, मग ती खूण काढायची. सेफ मोडमध्ये झोपलेले ड्रायव्हरही उठतात. फक्त पासवर्ड पाठ हवा, तिथे पिन बऱ्याचदा चालत नाही.)

विंडोज आलं. यायला सहा मिनिटं लागली. आता नातवाचा गुन्हा, तो खराच होता. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ८ जीबी, पण ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ ७ जीबीच्या आसपास. वापरायला उरली जेमतेम एक. ६४ बिट विंडोज १० ला किमान २ जीबी लागते असं मायक्रोसॉफ्टच सांगतं.

त्याने व्हिडिओ बघून एमएसकॉन्फिग, म्हणजे विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवायची खिडकी, उघडलं होतं. बूटच्या टॅबमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, तिथे ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ आणि ‘मॅक्झिमम मेमरी’ अशा दोन चौकटी. दोन्ही रिकाम्या असतात, म्हणजे विंडोज सगळंच वापरत असतं. खूण केली की ती मर्यादा होते. स्पीड वाढवायची ही जागाच नाही, ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना कमी मेमरीवर चाचणी घेता यावी म्हणून ती ठेवलेली. व्हिडिओत आकडा नीट दिसेना. जीबी म्हणजे १०२४ हे पोराला शाळेत शिकवलेलं, त्याने तेच लिहिलं. चौकट मात्र एमबीची. प्रोसेसर त्याने २ निवडले, कारण डबीवर ड्युअल कोअर लिहिलेलं. या आय-थ्रीचे धागे (थ्रेड, विंडोज प्रोसेसर म्हणून तेच मोजतं) चार, म्हणजे तिथेही निम्मे गेले.

खुणा एमएसकॉन्फिगमधूनच काढता येतात. मी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीएडिट, म्हणजे विंडोज सुरू होतानाच्या सेटिंग दाखवणारी कमांड, चालवतो, कारण नेमकं काय लिहिलं गेलंय ते तिथे दिसतं. ‘नमप्रॉक’ (प्रोसेसरची मर्यादा) पुढे २, आणि ‘ट्रंकेटमेमरी’ (मेमरीची मर्यादा) पुढे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पाढ्यातल्या आकड्यांत, चाराचा आकडा नि सात शून्यं. तेच १ जीबी. ‘डिलीटव्हॅल्यू’ने दोन्ही ओळी पुसल्या, बीसीडीएडिट पुन्हा चालवून गेल्याची खात्री केली, रीस्टार्ट. वीस-बावीस सेकंदांत डेस्कटॉप. चार प्रोसेसर, ७.९ जीबी.

खरी परीक्षा अजून व्हायची होती. मशीन बंद केलं, वायर भिंतीतून काढली आणि अर्धा तास तशीच ठेवली. तेवढ्यात नातवाकडून बायोसच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो काढून घेतलेले होते, ते पेनड्राइव्हवर हिशेबाशेजारी टाकले. वायर लावल्यावर घड्याळ बरोबर, साटा मोड एएचसीआय. काकांनी गड्यांना हाक मारून पडवीत बसवलं, एकेकाची उचल वाचायला घेतली.

त्या रात्रीही पाऊस झाला. सकाळी सातला फोन. पोटात गोळाच आला. काका नुसतं सांगायला बोलत होते.

"रात्री वायर काढलंय, आता लावलंय. एफ-वन मागूक नाय."