काहीच न घडलेली दुपार

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलमधला होमरन लगेच समजतो. चेंडू कुंपणापलीकडे गेला, म्हणजे सिक्सरच की! समजत नाही ती पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, गाजवलेली मॅच. एक जण चेंडू फेकतोय, दुसरा हवेत बॅट फिरवून मुकाट परत जातोय, बाकीचे ग्लव्ह घालून नुसते उभे. काही म्हणता काही घडत नाही, आणि प्रेक्षक मात्र जागेवर बसायला तयार नाहीत.

या न घडण्याची चटक लागायची असेल तर 6 मे 1998 ची मॅच पाहावी. शिकागोचं रिगली फील्ड, ढगाळ बुधवारची दुपार, स्टँड बरेचसे रिकामे. शिकागो कब्ज या संघाचा पिचर केरी वूड, वय वर्षं 20, मोठ्या लीगमधली सुरुवातीपासून टाकायची त्याची पाचवीच मॅच. समोर ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज. त्या मोसमात 102 मॅच जिंकलेला संघ, त्यात बिजिओ, बॅगवेल, अलू असे एकापेक्षा एक बॅटर. वूडचा पहिलाच चेंडू कॅचरला, म्हणजे बॅटरमागे बसून झेलणाऱ्याला, चुकवून थेट अंपायरच्या मुखवट्यावर आदळला. आज पोराचं काही खरं नाही, असं वाटायला तेवढं पुरे होतं. पण पहिले पाचच्या पाच बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडून दिलेले नीट चेंडू) होऊन बाद!

बेसबॉलचा चेंडू जमिनीवर टप्पा घेत नाही, ही क्रिकेटवाल्याची पहिली अडचण. सगळे फुलटॉस, मग मारायला अवघड काय? पिचरच्या पायाखालची पट्टी बॅटरपाशी असलेल्या होम प्लेटपासून 18.44 मीटरवर, आणि पाऊल लांब टाकून तो चेंडू सोडतो ते आणखी दीड-दोन मीटर पुढे येऊन. ताशी 155 किलोमीटरचा चेंडू साधारण 0.4 सेकंदात बॅटरपाशी पोचतो. त्यातला निम्मा वेळ चेंडू कुठला आहे हे ओळखण्यातच जातो. शिवाय बॅट गोल, आपल्यासारखी सपाट नाही. एखाद-दोन सेंटिमीटरचा फरक पडला की चेंडू उंच उडतो, नाहीतर पायाशी घरंगळतो.

वूडच्या हातात त्या दिवशी दोन हत्यारं होती. एक सरळ वेगवान चेंडू. शिवणीला आडवी दोन बोटं, अंगठा खाली, सुटताना बोटांच्या टोकांनी मागे ओढलेला. या उलट्या फिरकीमुळे हवा चेंडूला थोडं तोलून धरते. तो वर चढत नाही, पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा कमी खाली येतो, आणि बॅट त्याच्या खालून निघून जाते.

दुसरा त्याचा झपकन वळणारा चेंडू, स्लायडर म्हणा की कर्व्ह. हा खरा बघण्यासारखा. उजव्या हाताच्या बॅटरला वाटतं, हा आपल्या कमरेवर येतोय. तो अंग चोरतो, गुडघे वाकतात, आणि चेंडू प्लेटच्या त्या 43 सेंटिमीटर रुंदीवरून सुखरूप जातो. अंपायरचा हात वर, स्ट्राइक. ‘शेवटच्या क्षणी वळला’ असं सगळे म्हणतात. वळत तो पहिल्यापासूनच असतो. पण वळण काळाच्या वर्गाने वाढतं, म्हणून निम्म्या वाटेवर जेमतेम चौथाई वळण दिसतं आणि उरलेलं तीन चतुर्थांश बॅटरचा निर्णय होऊन गेल्यावर.

हाच चेंडू फसला की मात्र फार वाईट फसतो. बोटं चेंडूच्या वरून फिरण्याऐवजी बाजूला घसरली, तर बंदुकीच्या गोळीसारखी फिरकी बसते. फिरतो भरपूर, वळत नाही. छातीच्या उंचीवर, मधोमध, कमी वेगाचा. बॅटरला आयतं ताट वाढून दिल्यासारखं.

त्या दिवशी तसं ताट कोणाला मिळालं नाही. बॅगवेल, हॉवेल, अलू तीन-तीनदा स्ट्राइकआउट झाले. आणि ही गंमत बघा: बॅटर एकाच पिचरला तिसऱ्यांदा भेटतो तेव्हा बहुधा त्याचं पारडं जड असतं, कारण चेंडू ओळखीचे झालेले असतात. सातव्या इनिंगमध्ये हे तिघे तिसऱ्यांदाच आले होते. तिघेही गेले. आठव्यातले तिघेही गेले. तिथे पिचरचा हात पाहू नये, बॅटरचे पाय पाहावेत. जो पाय पुढे पडायला हवा तो बाजूला सरकतो. मन आधीच बाद झालेलं असतं.

सगळ्या मॅचमध्ये एकच हिट (चेंडू मारून बॅटरने गाठलेला बेस), तोही तिसऱ्या इनिंगमध्ये गुतिएरेझचा, तिसऱ्या बेसवरच्या केव्हिन ओरीच्या ग्लव्हला चाटून गेलेला. ती फिल्डरची चूक धरली असती तर ‘नो-हिटर’, म्हणजे एकही हिट न दिलेली मॅच, झाला असता, म्हणून कब्जचे चाहते आजही हळहळतात. मला ही हळहळ पटत नाही. चूक लिहून मिळवलेल्या विक्रमापेक्षा हा डाग बरा. चेंडू लागून एक बॅटर बेसवर गेला, फुकटचा वॉक (चार वाईट चेंडूंमुळे मिळणारा पहिला बेस) एकालाही नाही. 122 चेंडूंत 20 स्ट्राइकआउट, कब्ज 2-0 ने जिंकले. नऊ इनिंगमध्ये 20 चा विक्रम तोवर एकट्या रॉजर क्लेमेन्सच्या नावावर होता, तोही दोनदा.

स्कोअरबुकात स्ट्राइकआउटला के हे इंग्रजी अक्षर लिहितात, आणि बॅट न फिरवताच बाद झाला तर उलटा के. चाहते तशाच पाट्या कठड्याला ओळीने टांगतात. पण बाद करण्याचं श्रेय नोंदवलं जातं कॅचरच्या खात्यात, कारण तिसरा स्ट्राइक त्याने धरला नाही तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. पहिलाच चेंडू निसटलेल्या कॅचर सँडी मार्टिनेझने त्या दिवशी पुढे काय काय झेललं, हे कोणी मोजत नाही.

एवढं वळण कोपर फुकट देत नाही. 1999 चा पूर्ण मोसम वूडचा शस्त्रक्रियेत गेला. कोपरातल्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शरीरातलाच दुसरा स्नायूबंध बसवतात, ती टॉमी जॉन शस्त्रक्रिया. तो परतला, पण दुखापतींनी पाठ सोडली नाही. 18 मे 2012 रोजी त्याच रिगली फील्डवर तो शेवटच्या एका बॅटरसाठी आला. तीन चेंडू, तिसरा कर्व्ह, बॅट हवेत. कारकिर्दीतला 1,582 वा स्ट्राइकआउट. तो मैदानाबाहेर निघाला, तेव्हा डगआउटमधून त्याचा लहान मुलगा धावत आला.